मिनिटाला एकोणीस लाख

मेंदूची मोठी रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली, की दर मिनिटाला साधारण १९ लाख चेतापेशी मरतात. सेकंदाला जवळपास ३२ हजार. कॅलिफोर्नियातले मेंदूविकारतज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांनी २००६ साली हा हिशेब मांडला, आणि ते पेशींवर थांबले नाहीत. त्याच एका मिनिटात पेशींना एकमेकींशी जोडणारे १४०० कोटी सांधे तुटतात आणि १२ किलोमीटर लांबीचे चेतातंतू निकामी होतात. उपचाराविना गेलेला प्रत्येक तास मेंदूला साडेतीन वर्षांहून जास्त म्हातारा करतो. आता आपल्या घरांत काय होतं ते आठवा. आजोबांचं बोलणं अचानक जड झालंय, तोंड जरा वाकडं दिसतंय, आणि कुणीतरी म्हणतं, "दमले असतील, पडू दे जरा. सकाळी बघू." रात्री दहा ते सकाळी आठ या दहा तासांत ११० कोटींहून अधिक पेशी गेलेल्या असतात.

हे आकडे ज्याच्या रोजच्या कामाचे आहेत तो माणूस म्हणजे इमर्जन्सीचा डॉक्टर. हृदयवाल्याकडे हृदय असतं, हाडवाल्याकडे हाडं. याच्या वाट्याला अमुक एक अवयव येत नाही, येतात ती मिनिटं. छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी दारातून आत आल्यापासून दहा मिनिटांच्या आत. हृदयाची बंद वाहिनी फुग्याने उघडायची तर नव्वद मिनिटांच्या आत. रक्तात जंतुसंसर्ग पसरून रक्तदाब कोसळला असेल तर पहिलं अँटिबायोटिक तासाभरात. कारण कॅनडातले डॉ. आनंद कुमार यांनी हजारो रुग्णांच्या नोंदी तपासून २००६ साली दाखवलं, की अशा रुग्णाच्या बाबतीत उशिराचा प्रत्येक तास जगण्याची शक्यता सरासरी साडेसात टक्क्यांनी कमी करतो.

आणि ही मिनिटं वाचवायला शिकण्यासाठी किती मिनिटं लागतात? २०२४ च्या नीट परीक्षेला २३ लाखांहून अधिक मुलं बसली. एमबीबीएसच्या जागा तेव्हा देशभरात मिळून एक लाखाच्या थोड्या वर होत्या. त्यातून पार झालेल्याची साडेचार वर्षं वर्गात आणि वॉर्डात, एक वर्ष इंटर्नशिप, मग पुन्हा प्रवेश परीक्षा आणि तीन वर्षांचं एमडी. मधे एकही वर्ष वाया गेलं नाही असं धरलं, तरी साडेआठ वर्षं. मिनिटांत मोजली तर ४४ लाखांहून अधिक. हृदय बंद पडलेल्या माणसाचा मेंदू मात्र प्राणवायूविना साधारण चार मिनिटंच तग धरतो, त्यानंतर कायमची इजा सुरू होते. मला या दोन आकड्यांमधलं अंतर फार मोठं वाटतं. चव्वेचाळीस लाख मिनिटांची तयारी, आणि ती उपयोगी पडायची वेळ चार मिनिटांची.

या विद्याशाखेचं स्वतःचं वयही पाहण्यासारखं आहे. वर्षानुवर्षं जगभर एकच रीत होती. मध्यरात्री जो सगळ्यात गंभीर पेशंट यायचा त्याला पहिल्यांदा भेटायचा तो रुग्णालयातला सगळ्यात कमी अनुभवाचा डॉक्टर. आपल्या कॅज्युअल्टीत तर नुकता इंटर्न झालेला मुलगा, एक सिस्टर आणि स्ट्रेचर ढकलणारे वॉर्डबॉय मामा एवढीच फौज असायची, आणि बऱ्याचदा त्या मामांनाच जास्त कळायचं. इंग्लंडात लीड्सला १९५२ साली मॉरिस एलिस हे कॅज्युअल्टीचे पहिले पूर्णवेळ तज्ज्ञ झाले. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रिया इथे १९६१ साली जेम्स मिल्स आणि त्यांच्या साथीदारांनी आपापली चालती खासगी प्रॅक्टिस सोडली आणि सगळ्यांनी मिळून एका रुग्णालयाचा इमर्जन्सी विभाग चोवीस तास चालवायला घेतला. माणूस चंद्रावर उतरला १९६९ मध्ये. या विषयाचा रीतसर पहिला शिकाऊ डॉक्टर, ब्रूस जॅनियाक, सिनसिनाटीला रुजू झाला त्याच्या पुढच्या वर्षी. अमेरिकेने स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता दिली १९७९ मध्ये, आणि वैद्यकाच्या मान्य शाखांत तिचा क्रमांक होता तेविसावा. आपल्याकडे चांद्रयान-१ झेपावलं ऑक्टोबर २००८ मध्ये. भारतीय वैद्यक परिषदेने आपत्कालीन वैद्यकशास्त्राला वेगळा विषय मानलं ते जुलै २००९ मध्ये. कॅज्युअल्टीत चांगला शिकलेला डॉक्टर हवा, हे ठरायच्या आधी आपण चंद्रापर्यंत पोचलो होतो.

आता एका पाळीत शिरू. अमेरिकेत २०२२ साली इमर्जन्सी विभागांत मिळून सुमारे साडेपंधरा कोटी भेटी नोंदल्या गेल्या. म्हणजे अहोरात्र, दर मिनिटाला जवळपास तीनशे माणसं कुठल्या ना कुठल्या दारातून आत येत होती. तासाला दोन पेशंट, आठ तासांची पाळी, वर्षाला दोनशे पाळ्या आणि तीस वर्षांची नोकरी असा अगदी सोपा हिशेब केला, तरी एका डॉक्टरच्या हाताखालून ९६ हजार माणसं जातात. आपल्या सरकारी रुग्णालयात तासाला दोन हा आकडा कुणाला सुट्टीच्या दिवसासारखा वाटेल. तिथे लाखाची ओळ दहा-बारा वर्षांत ओलांडली जात असेल. यातली बहुतेक माणसं त्याला पुन्हा कधी भेटत नाहीत. आधीचे कागद नाहीत, ओळख नाही, कधी नावही ठाऊक नाही.

आणि त्याला सलग विचार करायला मिळतो का? अमेरिकेतल्या एका पाहणीत संशोधक इमर्जन्सीच्या डॉक्टरांच्या मागे घड्याळ घेऊन फिरले. २००० साली छापून आलेल्या त्या निबंधानुसार तीन तासांत सरासरी ३१ वेळा कुणी ना कुणी मधे बोललं, आणि त्यातल्या वीसेक वेळा हातातलं काम सोडून दुसरं घ्यावं लागलं. दर सहा मिनिटांना एक व्यत्यय. २०१३ च्या दुसऱ्या पाहणीत त्यांचे संगणकावरचे क्लिक मोजले. गर्दीच्या दहा तासांच्या पाळीत एका डॉक्टरचे क्लिक चार हजारांच्या घरात गेले. वेळेचा ४३ टक्के भाग माहिती भरण्यात आणि २८ टक्के पेशंटजवळ. हा आकडा वाचून मला राग येतो. ज्याला घडवायला ४४ लाख मिनिटं घातली, त्याचा निम्म्याच्या आसपास वेळ आपण माउसला बांधून टाकला आहे.

या कामातला एक क्षण अगदी जवळून पाहू. बेशुद्ध, धाप लागलेला, उलटी झालेला तरुण आलाय आणि त्याच्या श्वासनलिकेत ट्यूब टाकायची आहे. ट्यूब आतून साडेसात किंवा आठ मिलिमीटर रुंद. ती घालण्यासाठी आधी झोपेचं आणि मग स्नायू ढिले पाडणारं औषध द्यावं लागतं. मिनिटभरात पेशंटचा स्वतःचा श्वास पूर्ण थांबतो. डॉक्टरने तो जाणूनबुजून थांबवलेला असतो, आणि इथून पुढे तो माणूस सर्वस्वी त्याच्या हातात असतो. किती वेळ आहे? आपण श्वास सोडल्यावरही फुप्फुसांत सुमारे अडीच लिटर हवा उरते. साध्या हवेत प्राणवायू एकपंचमांश, म्हणजे अर्धा लिटर. आणि शरीर मिनिटाला पाव लिटर खातं. मिनिट-दीड मिनिटात बोटावरच्या यंत्रातला आकडा कोसळायला लागतो. म्हणूनच डॉक्टर आधी तीन मिनिटं मास्क घट्ट धरून शुद्ध प्राणवायू देतो. अडीचच्या अडीच लिटरमधला नायट्रोजन धुतला जातो, त्या जागी प्राणवायू भरतो, आणि निरोगी तरुण असेल तर एकाची आठ मिनिटं होतात. आजारी किंवा लठ्ठ माणसात तीनही मिळत नाहीत. एवढ्या वेळात जीभ बाजूला सारायची, खाकरे-रक्त ओढून घ्यायचं, स्वरतंतूंची फट शोधायची. शेजारीच अन्ननलिकेचं तोंड असतं. ट्यूब तिथे गेली आणि लक्षात आलं नाही, तर पोट फुगत राहतं आणि माणूस जातो. म्हणून ट्यूब टाकून झाल्यावरही डॉक्टर लगेच सुटकेचा श्वास सोडत नाही. श्वासातून कार्बन डायऑक्साइड बाहेर येतोय हे पडद्यावर दिसेपर्यंत तो तिथून हलत नाही.

मोठ्या आकड्यांइतकेच लहान आकडेही इथे छाती दडपवतात. प्रौढाच्या अंगात रक्त पाच लिटर. दोन लिटर गेलं की जीव धोक्यात. मांडीचं हाड मोडलं तर त्यातलं दीड लिटरपर्यंत रक्त मांडीतच साठू शकतं, बाहेर एक थेंब न दिसता. ॲलर्जीने घसा सुजून गुदमरणाऱ्या माणसाला वाचवतं ते अर्धा मिलिग्रॅम ॲड्रिनलिन, मांडीच्या स्नायूत.

पण या लहान आकड्यांमध्ये मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो महाडचा. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे हिम्मतराव बावस्कर नागपुरात एमबीबीएस झाले आणि १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्यांच्या नावापुढे आपत्कालीन वैद्यकाची पदवी नाही. ती तेव्हा देशात नव्हतीच. कोकणात लाल विंचू उदंड. भाताच्या पेंढ्यात, जांभ्याच्या फटीत, गोवऱ्यांच्या ढिगात. काही सेंटिमीटरचा तो जीव डंख मारायचा, आणि दवाखान्यात आणलेलं धडधाकट मूल घामाने निथळत, हातपाय गार पडत, तोंडातून गुलाबी फेस येऊन मरायचं. विषाचा जोर चढलेल्या दर शंभरांतले तीस ते चाळीस जण जायचे. बावस्कर पेशंटच्या उशाशी बसून राहिले. नाडी, रक्तदाब, घाम, फेस, सगळं तासातासाला लिहीत गेले. या विषाने अंगातले उत्तेजक स्राव पुरासारखे सुटतात, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदयाला तो भार पेलवत नाही. हे ओळखल्यावर त्यांनी रक्तदाबावरचं एक साधं, स्वस्त औषध वापरून पाहिलं. त्याचं नाव प्राझोसिन. मुलांना मात्रा वजनाच्या दर किलोला ३० मायक्रोग्रॅम. दहा किलोच्या मुलाला एका वेळी ०.३ मिलिग्रॅम. तांदळाचा एक दाणा वीसेक मिलिग्रॅमचा धरला, तर त्याचा सुमारे सत्तरावा भाग. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने त्यांचं हे काम १९८६ साली छापलं. शंभरांतले तीस-चाळीस मृत्यू एक-दोनवर आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ना मोठं रुग्णालय, ना अतिदक्षता विभाग. पेशंटला सोडून घरी न जाणारा एक डॉक्टर आणि त्याची वही. इमर्जन्सीच्या कुठल्याही तरुण डॉक्टरला आदर्श कुठे शोधायचा असेल, तर मी महाडचा रस्ता दाखवीन.

एकामागून एक येणाऱ्यांना वाचवणं हे एक काम. सगळे एकदम आले तर? नेपोलियनचा शल्यवैद्य लॅरे याने १८१२ साली बोरोदिनोच्या रणांगणावर २४ तासांत जखमींचे सुमारे २०० हात-पाय कापले. न जेवता, न झोपता केलं असं धरलं, तरी दर सात मिनिटांना एक. जखमीचा हुद्दा बघायचा नाही, जखम बघायची, हा नियमही त्याचाच. दोनशे वर्षांनी, १ ऑक्टोबर २०१७ च्या रात्री, लास व्हेगासमध्ये तोच नियम पुन्हा लागला. २२ हजार लोक गाणी ऐकायला जमले होते. हॉटेलच्या बत्तिसाव्या मजल्यावरून एकाने दहाएक मिनिटांत हजाराहून अधिक गोळ्या झाडल्या. त्या रात्री ५८ जण गेले. पुढे ती संख्या ६० झाली. जवळच्या सनराइज रुग्णालयात रात्रपाळीला होते डॉ. केविन मेनेस. शहराच्या पोलीस कमांडो पथकाबरोबरही ते काम करायचे, आणि असा प्रसंग आला तर काय करायचं, याची मनातल्या मनात त्यांनी आधीच उजळणी करून ठेवली होती. दोनशेच्या आसपास जखमी काही तासांत आले. बरेचसे लोकांच्या गाड्यांतून, टॅक्सीतून, एकेका गाडीत चार-चार, पाच-पाच.

मेनेस दारात उभे राहिले आणि एकेका माणसाला काही सेकंद देत वाटणी करू लागले. हा आत्ता जातोय, हा तासाभरात ढासळेल, हा थांबू शकतो. प्रत्येक गटाची जागा वेगळी. थोड्या वेळाने हे काम त्यांनी शेजारी उभं राहून बघत असलेल्या अनुभवी नर्सवर सोपवलं आणि स्वतः आत गेले, कारण आत डॉक्टरचे हात कमी होते. व्हेंटिलेटर संपत आले तेव्हा त्यांना आपल्याबरोबर शिकलेल्या एका डॉक्टरचा २००६ सालचा प्रयोग आठवला. एकाच यंत्राला फाटा काढून अनेक कृत्रिम फुप्फुसं चालवायचा तो प्रयोग होता. त्यांनी सारख्या अंगाच्या दोघांना एका यंत्रावर घेतलं. अकरा वर्षं कुणाच्या फारशा कामाला न आलेलं ज्ञान त्या रात्री लागलं. पहिल्या चोवीस तासांत तिथे पन्नासहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या.

मुंबईला हे सांगायची गरज नाही. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी लोकलच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत ११ मिनिटांत सात स्फोट झाले. २०९ माणसं गेली, सातशेहून अधिक जखमी. भाभा, सायन, केईएम, नायर, कूपर, भगवती या रुग्णालयांतल्या निवासी डॉक्टरांनी त्या रात्री जे केलं त्याचा हिशेब कुणी क्लिकमध्ये मोजला नाही.

पण स्फोट कधीतरी होतात. रस्ता रोज असतो. २०२२ साली भारतात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसं मेली. तासाला ५३ अपघात, १९ मृत्यू. त्यातले महाराष्ट्रातले १५,२२४, दिवसाला सरासरी ४२. मुंबईच्या लोकल मार्गांवर वर्षाला अडीच हजारांच्या आसपास जीव जातात, ते वेगळे. साप चावून देशात वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं मरतात असा दोन दशकांच्या मृत्यूंच्या अभ्यासातून निघालेला अंदाज आहे. यातली कितीतरी माणसं इमर्जन्सीच्या दारापर्यंत पोचतच नाहीत, आणि माझ्या मते साऱ्या विषयातली सगळ्यात मोठी गळती हीच आहे.

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ च्या जानेवारीत सुरू झाली तेव्हा रुग्णवाहिका होत्या ९३७. त्यातल्या २३३ जीवरक्षणाची प्रगत साधनं असलेल्या, ७०४ साध्या. प्रत्येकीत डॉक्टर, ही आपल्या सेवेची जमेची बाजू. आता राज्याचं क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर. तेव्हा एका गाडीच्या वाट्याला ३२८ चौरस किलोमीटर, म्हणजे अठरा किलोमीटर लांब आणि अठरा किलोमीटर रुंद असा चौकोन. आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे त्यात राहणारी एक लाख वीस हजार माणसं. भामरागडच्या जंगलात आणि मेळघाटच्या घाटात या चौकोनाची एक बाजू ओलांडायला किती वेळ लागत असेल, याचा विचार करा. गाडी वाढवा, डॉक्टर वाढवा, हे सगळं खरंच आहे आणि सरकारकडे ते मागत राहिलंच पाहिजे. पण दुप्पट गाड्या केल्या तरी ती चार मिनिटं रुग्णवाहिकेच्या हातात येणार नाहीत. ती जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या हातात असतात.

हृदय बंद पडल्यावर छातीवर दाब दिला नाही आणि विजेचा झटका मिळाला नाही, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटते. दहा मिनिटांत हाताशी जवळजवळ काही उरत नाही. शेजारच्याने लगेच छाती दाबायला घेतली, तर ती शक्यता दुप्पट-तिप्पट होऊ शकते. माणूस हाक मारल्यावर ओ देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर कुणालातरी १०८ लावायला सांगा. छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवा. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबा. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या, आणि मदत येईपर्यंत थांबू नका. रस्त्यावरच्या अपघातात मदत करताना पोलिसांच्या लफड्याची भीती वाटत असेल तर ती सोडा. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेलं १३४-अ हे कलम अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्याला दिवाणी आणि फौजदारी दोन्ही कारवायांपासून संरक्षण देतं, आणि आपलं नाव सांगायचीही सक्ती तुमच्यावर करता येत नाही.

छाती दाबायला शिकायचं तर एक दुपार पुरते. या महिन्यातली एक दुपार त्यासाठी काढा, आणि घरात आठवी-नववीतलं मूल असेल तर त्यालाही बरोबर न्या.